डोळे मिटून खांबावर चढवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,
सा. न.

काल मल्लखांबाच्या बोंडावर, म्हणजे अगदी वरच्या टोकावर, पुन्हा उभा राहिलो. उतरल्यावर आधी तुमची आठवण झाली. हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण बडोद्याच्या आखाड्यांत माझ्यासारखी पडून घाबरलेली पोरं आणखी असतील.

गेल्या पावसाळ्यात तोल गेला आणि मनगट मोडलं. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं, तरी खांबाच्या मानेच्या, म्हणजे बोंडाखालच्या बारीक भागाच्या, वर हात गेला की पोटात गोळा यायचा. सगळे मायेनेच म्हणायचे, "मनातून काढून टाक." कसं काढायचं, ते कुणालाच सांगता येईना. तुम्ही जिन्यात थांबवून विचारलंत, "डोळे मिटलेस की काय दिसतं?"

"पडताना दिसतो."

"म्हणजे रोज रात्री तू पडण्याचा सराव करतोयस."

ताई, त्या वाक्यानंतर मला पहिल्यांदा वाटलं की यावर काही करता येईल.

मग तुमच्या गच्चीवरची ती संध्याकाळ. मी मांडी घालून बसलो, तर तुम्ही उठवलंत. चड्डी घालून ये, तळहाताला एरंडेल लाव, उभा राहा आणि डोळे मिटून मनात कसरत बघ. स्वतःला लांबून बघायचं नाही. लाकूड छातीला लागतंय, असं आतून बघायचं. होम्स आणि कॉलिन्स या संशोधकांनी २००१ मध्ये हेच मांडलं होतं, हे तुम्ही नंतर सांगितलंत: शरीर, जागा, वेळ, भावना, सगळं खऱ्या खेळासारखं हवं. तुमच्या हातात घड्याळ होतं. माझा दीड मिनिटाचा कसरतींचा संच मनात चाळीस सेकंदांत संपला. "मधलं कुठे गेलं?" मला सांगता येईना. तीन वेळा केल्यावर कळलं, मानेवरून बोंडावर जाण्याचा तुकडाच मी गाळत होतो. पुढचे पंधरा दिवस आपण तेवढाच तुकडा घोटला.

बाबा म्हणायचे, नुसतं उभं राहून काय होणार? त्यांना तुम्ही एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टर-संशोधकाचे १९३० च्या सुमाराचे प्रयोग समजावलेत. हात वाकवल्याची नुसती कल्पना केली, तरी त्या स्नायूत विजेची बारीक हालचाल नोंदवता येते. बाबा गप्प झाले, आणि दुसऱ्या दिवशी घड्याळ धरायला स्वतःच आले!

मला सगळ्यात उपयोगी पडली ती अमेरिकन जलतरणपटू मायकल फेल्प्सची गोष्ट. २००८, बीजिंग, २०० मीटर बटरफ्लाय. गॉगलमध्ये पाणी भरलं, काही दिसेना, तरी हात किती मारले ते मोजत पोहून त्याने सुवर्ण घेतलं. काही बिघडलं तर काय करायचं, हेही तो आधीच मनात पाहून ठेवायचा. म्हणून तुम्ही मला हात निसटताना बघायला लावलंत, पण तिथे थांबू दिलं नाहीत. मांडीची पकड बसेपर्यंत, श्वास जागेवर येईपर्यंत बघायचं. काल डावा हात खरंच थोडा सरकला, ताई. मांडी आपोआप आवळली गेली.

रविवारी सकाळी सात वाजता आखाड्यात याल ना? बाबा तुम्हाला घ्यायला येतील. तुमची एरंडेलाची वाटी अजून माझ्याकडेच आहे, तीही तेव्हाच देतो.

तुमचा,
खालच्या मजल्यावरचा