आधी फुटपाथ द्या, मग हॉर्नचं बघू

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

तुमच्याकडे येणाऱ्या वाचकांच्या पत्रांत आठवड्यातून एखादं तरी हॉर्नवर असतं आणि एखादं खोदलेल्या फुटपाथवर असतं, मी दोन्ही आवडीने वाचते, पण लिहिणारे ही दोन वेगळी दुखणी समजतात ते मला काही पटत नाही. मी कोथरूडला कर्वे रोडच्या आतल्या गल्लीत २६ वर्षं राहतेय, गुडघ्यांमुळे स्कूटर विकून टाकली, त्यामुळे बँक, भाजी, दळण, दवाखाना सगळं पायी. रोज पायी फिरणाऱ्या बाईचं म्हणणं एवढंच की शहरातला निम्मा हॉर्न हा फुटपाथमुळे वाजतो. कसा ते सांगते.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी दुधाचं दुकान आहे, त्याच्यासमोर कर्बच्या, म्हणजे फुटपाथच्या कडेच्या दगडांच्या, बाजूने तिसरा पेव्हर ब्लॉक. दिसायला शेजारच्या ब्लॉकसारखाच आहे, लाल, नागमोडी कडांचा, पण पाऊस पडून गेला की खाली पाणी साठतं आणि त्याच्या एका कोपऱ्यावर पाय पडला की दुसऱ्या कोपऱ्यातून पिचकारी उडते, ती सुद्धा सरळ वर, साडी असो पँट असो, गुडघ्यापर्यंत चिखल. गल्लीतल्या शाळकरी पोरांना तो पाठ आहे, ती त्याच्यावरून उडी मारून जातात. काही वात्रट पोरं पुढून कोणी येतंय बघून मुद्दाम त्याच्यावर पाय आपटतात. पाहुण्यांना कुठून माहीत असणार. माझा भाचा जूनमध्ये इंटरव्ह्यूसाठी सोलापूरहून आला होता, सकाळी इस्त्रीची क्रीम कलरची पँट घालून निघाला आणि चौथ्या मिनिटाला परत घरात. ह्यांची पँट घालून गेला बिचारा, कमरेला तीन इंच मोठी, पट्टा आवळून.

आता हा ब्लॉक जुना आहे का, तर नाही. ह्याच वर्षी फेब्रुवारीत सगळा फुटपाथ नवा केला होता. आधीचा वाईट नव्हता पण ठीक आहे, नवा केला, छान दिसत होता, आम्ही दोन-तीन बायकांनी कौतुक पण केलं. मे महिन्यात केबल टाकायला कोणीतरी आलं आणि मधोमध चर मारला. कोणीतरी म्हणतेय कारण कोण ते आजपर्यंत कळलेलं नाही. मजुरांना विचारलं तर ते म्हणाले साहेब येतील, साहेब आले नाहीत, चार दिवसांत चर बुजवून माणसं गेली, मागे फूटपाथवर राडारोड्याचा ढीग आणि एक तुटकी पाटी राहिली, ती पाटी अजून आमच्या वॉचमनकडे आहे, तो त्यावर बसतो.

आमच्या बिल्डिंगचं काम करणारे गवंडी आहेत, त्यांना मी विचारलं की हे ब्लॉक असे का हो डुगडुगतात. ते म्हणाले ताई, ब्लॉकचा दोष नाहीये, खालचं बघा. चर खणला की तो थरथराने भरायचा असतो, प्रत्येक थराला पाणी मारून धुमस करायची, म्हणजे ठोकून घट्ट बसवायचा, त्यावर कच, म्हणजे दगडाचा बारीक चुरा, सारखी पसरायची, मग ब्लॉक, मग सांध्यांत बारीक वाळू, आणि कडेला कर्ब घट्ट पाहिजे म्हणजे ब्लॉक एकमेकांना धरून बसतात. इथे काय करतात, खणलेली मातीच दगडगोट्यांसकट परत ढकलतात, वरून ब्लॉक रचतात, मापात बसला नाही की फोडून तुकडा आणि वर सिमेंटचा लपका. पहिल्या पावसात खालची माती बसते, ब्लॉक वर अधांतरी. शिवाय ते म्हणाले की माणसांनी चालायचा ब्लॉक साधारण ६० मिलिमीटर जाड असतो, गाड्या जायच्या असतील तर ८० चा लागतो, आणि आपल्याकडे फुटपाथवरून चालतंय कोण, टू व्हीलरच ना. हे ऐकून मला हसावं का रडावं कळेना. म्हणजे फुटपाथ माणसांसाठी बांधला म्हणून तुटला!

हे झालं पावसाचं. उन्हाळ्यात तरी चालता येतं का तर त्यातही गंमत आहे. इंडियन रोड्स काँग्रेस म्हणून रस्त्यांचे नियम ठरवणारी संस्था आहे, तिचं पादचाऱ्यांसाठीचं पुस्तकच आहे, त्यात फुटपाथवर चालायला मोकळी जागा कमीत कमी १.८ मीटर सोडा आणि कर्बची उंची १५० मिलिमीटरच्या वर नेऊ नका असं लिहिलंय. १५० मिलिमीटर म्हणजे सहा इंच, जिन्याची साधी पायरी. आमच्याकडे मी स्वयंपाकघरातली मुलाची जुनी पट्टी नेऊन मोजलं, एका ठिकाणी १४ इंच भरलं. आणि प्रत्येक सोसायटीच्या गेटपाशी तो फुटपाथ खाली उतरतो, पुन्हा चढतो, मग विजेच्या डीपीचा बॉक्स, मग झाडाचं आळं, मग चेंबरचं झाकण जे फुटपाथपेक्षा चार बोटं वर. सासूबाई ८३ वर्षांच्या आहेत, वॉकर घेऊन चालतात, दर सोमवारी मृत्युंजयेश्वराला जायचा त्यांचा नेम आहे. गेल्या वर्षीपर्यंत मी त्यांना फुटपाथवरून न्यायचे. आता त्याच म्हणतात, "नको गं बाई, मला रस्त्यावरूनच ने, तिथे निदान एकाच लेव्हलला मरण आहे."

तर आम्ही दोघी रस्त्यावरून चालतो. मी, त्या, वॉकर. मागून बस येते, बसच्या मागे रिक्षा, रिक्षाच्या मागे दहा टू व्हीलर, आणि सगळे आम्हाला हॉर्न मारतात. आम्हाला म्हणजे तसं त्यांचंही चूक नाही, त्यांना पुढे म्हातारी बाई दिसतेय आणि बाजूला रिकामा फुटपाथ दिसतोय, त्यांना वाटतं ह्या बायकांना शिस्त नाही. एकाने तर हेल्मेटची काच वर करून ऐकवलं, "काकू, फुटपाथ कशाला बांधलाय?" मी म्हटलं बाबा तू उतर, हा वॉकर घे आणि दुधाच्या दुकानापर्यंत जाऊन दाखव. गेला निघून. म्हणून मी म्हणते की हॉर्न तिथे सुरू होतो, त्या चौदा इंचांपाशी. मोटार वाहन कायद्यात विनाकारण हॉर्न वाजवायला पहिल्यांदा १००० आणि नंतर २००० रुपये दंड आहे, कलम १९४ एफ, कायदा अगदी चोख आहे, पण समोर माणूस चालत असताना वाजवलेला हॉर्न विनाकारण कसा म्हणणार, कारण तर आम्हीच आहोत ना.

आता रात्रीचं. जुलैच्या शेवटी फुटपाथखाली पाणी झिरपायला लागलं, बहुतेक मे महिन्यात खणताना कुठल्या तरी पाइपला धक्का लागला असणार, हा माझा अंदाज. ते दुरुस्त करायला माणसं आली ती रात्री पावणेबाराला. दिवसा ट्रॅफिक असतो म्हणून रात्री, हे कारण मला मान्य आहे, पण आमच्या बेडरूमच्या खिडकीखाली रस्ता फोडायचा ब्रेकर सुरू झाला तेव्हा पलंगावरचा पाण्याचा तांब्या हलायला लागला. मुलाने मोबाईलवर आवाज मोजायचं ॲप लावलं, ते काही शास्त्रशुद्ध नसतं म्हणे, पण आकडा ८० च्या खाली येईना. केंद्र सरकारच्या २००० सालच्या नियमांत राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल एवढी मर्यादा आहे. आणि डेसिबल म्हणजे मार्कांसारखं नसतं हो, दहाने वाढला की आवाजाची ताकद दसपट होते, तर ४५ आणि ८० मधला फरक तुम्हीच काढा. बाळंतीण आहे आमच्या खालच्या मजल्यावर, तिचं बाळ रडून रडून निळं झालं. शेवटी मी ११२ ला फोन केला.

इथून पुढे माझी चूक. काम थांबलं, ब्रेकर गेला, सगळे झोपले, दुसऱ्या दिवशी लोकांनी मला थँक यू म्हटलं. पण अर्धा खणलेला खड्डा तसाच राहिला तो राहिलाच! आठ दिवस झाले, पंधरा झाले, आता चार आठवडे होतील. ज्यांनी थँक यू म्हटलं तेच आता लिफ्टमध्ये माझ्याकडे बघून म्हणतात "ताई, तुम्ही उगाच फोन केलात, एक रात्र सोसली असती." म्हणजे आपल्याकडे निवड अशी आहे, एक रात्र झोप नको का महिनाभर फुटपाथ नको. तिसरं काही मिळतच नाही.

बाकीचे आवाज आहेतच. भंगारवाला पूर्वी स्वतःच्या गळ्याने ओरडायचा, दमला की थांबायचा, आता गाडीवर स्पीकर आणि रेकॉर्डिंग, जुना फ्रिज, जुना टीव्ही, जुनी वॉशिंग मशीन, गळा नसल्यामुळे दम लागायचा प्रश्न नाही. रिव्हर्सचे म्युझिक, सायलेन्सर बदलून फटाके फोडत जाणाऱ्या बाईक. ढोल-ताशांबद्दल मात्र मी काही बोलणार नाही, गणपती तोंडावर आलेत, माझी मुलगी तीन वर्षं पथकात ध्वज धरायची, नदीकाठी सराव चालतो तो इथवर ऐकू येतो आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटतं. ज्यांना त्रास होतो त्यांचं मी खोटं म्हणत नाही. पण सणाला नियमातच सोय आहे, राज्य सरकारला वर्षात १५ दिवसांपर्यंत रात्री बारापर्यंत स्पीकरची परवानगी देता येते. कोणाच्या तरी वाढदिवसाला रस्त्यात डीजे लावून केक कापतात तो दिवस त्या पंधरात कुठे बसतो तेवढं मला कोणी सांगावं.

दरवर्षी ११ डिसेंबरला लक्ष्मी रोडवर पादचारी दिन करतात, गाड्या बंद, रस्त्यावर रांगोळ्या, खेळ. मी दोन वेळा गेलेय, छान असतो, भर रस्त्यात उभं राहून शेंगा खाल्ल्या. पण घरी येताना मला बैलपोळा आठवला. एक दिवस शिंगं रंगवायची, पुरणपोळी खाऊ घालायची, दुसऱ्या दिवशी परत जू मानेवर. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अडथळे नसलेला फुटपाथ हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. ते मी सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "कोर्टात फुटपाथ बरा असेल."

माझी मागणी एकच आहे आणि ती काही खर्चिक नाही. पुण्यात जंगली महाराज रस्त्याची गोष्ट सांगून सांगून गुळगुळीत झालीय, सत्तरच्या दशकात तो बांधणाऱ्यांनी दहा वर्षांची गॅरंटी लेखी दिली होती आणि रस्ता त्याच्या पुढे कितीतरी वर्षं टिकला. गॅरंटी आजही असते, त्याला डीएलपी म्हणतात, म्हणजे काम झाल्यावर अमुक काळ काही बिघडलं तर ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने नीट करून द्यायचं. पण ती असते फायलीत. जिथे खणलं तिथेच, फुटपाथवरच, ऑइलपेंटने चार ओळी लिहा. कोणी खणलं, कधी खणलं, कधी बुजवणार, गॅरंटी कधीपर्यंत. मुद्दाम कुठल्या खात्याचं किंवा कंपनीचं नाव ह्या पत्रात लिहीत नाहीये कारण मला ते माहीतच नाही, मी तीन ठिकाणी विचारलं, तिघांनी तो खड्डा आपला नाही असं सांगितलं, त्यातल्या एकाने तर पत्ता पण नीट ऐकून घेतला नाही, त्याआधीच "आमचा नाही" म्हणून सांगून टाकलं. पिचकारीवाल्या ब्लॉकवर नाव असतं तर भाच्याच्या पँटचं ड्रायक्लीनिंगचं बिल मी कोणाला पाठवायचं हे तरी कळलं असतं.

ता.क. रात्री कोणी खड्ड्यात पडू नये म्हणून आमच्या वॉचमनने त्यात शेवग्याची एक जाड फांदी रोवून ठेवली होती, तिच्या टोकाला लाल कापड बांधून. खालून पाणी झिरपतंच आहे, वरून पाऊस. काल बघितलं तर फांदीला चार ठिकाणी पालवी फुटलीय. आमच्या बिल्डिंगचे सेक्रेटरी म्हणाले, आता खड्डा बुजवायला माणसं आली तरी आधी झाड काढायची परवानगी आणावी लागेल.

आपली नम्र,
कर्वे रोडच्या गल्लीतली एक पायी चालणारी वाचक, कोथरूड, पुणे