मशीन सावकाराला चालतं, मग बँकेला का चालत नाही?

प्रति,
मा. लघु व मध्यम उद्योग विकास मंत्री,
झांबिया सरकार, लुसाका

महोदय, सविनय नमस्कार.

या पत्राची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयात दिली आहे आणि तिची पोचही घेतली आहे. मराठीत लिहिते आहे ते आमच्या माणसांसाठी. आफ्रिकेत छोट्या धंद्याला सरकार पैसे देतं म्हणे, असं सांगलीहून कुणी ना कुणी विचारत असतं. त्यांनाही खरं काय ते कळू दे.

गेल्या आठवड्यात माझ्या भागीदारणीचा कर्जाचा अर्ज एका बँकेने फेटाळला. ती झांबियाची नागरिक आहे, लुसाकातल्या कन्यामा या गरीब वस्तीत राहते. आम्ही शाळांचे गणवेश शिवतो. मशिनी आणि गिऱ्हाईक ती सांभाळते, कटिंग आणि हिशेब माझ्याकडे. २०२२ पासून तुमच्या सरकारने बारावीपर्यंतचं शिक्षण मोफत केलं, शाळा मुलांनी भरून गेल्या. हा निर्णय चांगला होता, मी तो मनापासून मानते. त्यामुळेच आमच्याकडे काम आलं. पण कापड कमवालाच्या बाजारात रोखीने घ्यावं लागतं आणि शाळा पैसे देते माल पोचल्यावर, तेही जमेल तेव्हा. मधल्या काळासाठी भांडवल हवं, एवढीच मागणी होती.

अर्जाला मशिनींच्या पावत्या जोडल्या होत्या, पाक्राकडची, म्हणजे कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडची, धंद्याची नोंदणी होती, शाळेची लेखी ऑर्डर होती, मोबाइल खात्याचा उतारा होता. बँकेच्या साहेबांनी कागद चाळले आणि विचारलं, घराचं टायटल डीड, म्हणजे मालकीचा कागद, आहे का? कन्यामातल्या बाईला हा प्रश्न! अर्धं लुसाका ज्या कंपाउंडांत, म्हणजे दाटीच्या वस्त्यांत, राहतं तिथे टायटल किती घरांना आहे, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. गावाकडची जमीन म्हणावी तर ती परंपरेने मुखियाच्या ताब्यातली, तिच्यावर बँक कर्ज देत नाही.

महोदय, हीच अडचण सोडवायला तुमच्या संसदेने २०१६ मध्ये जंगम मालमत्ता तारण ठेवण्याचा कायदा केला ना? मशीन, माल, गुरं, उभं पीक, इतकंच काय, येणं असलेलं बिलसुद्धा तारण ठेवता येईल, आणि त्याची नोंद पाक्राच्या रजिस्टरमध्ये होईल, असं त्यात लिहिलं आहे. मग आमचं ओव्हरलॉक मशीन तारण का होत नाही? साहेब म्हणाले, आमच्या धोरणात बसत नाही. देशाच्या कायद्यात जे बसतं ते बँकेच्या धोरणात बसत नसेल, तर हा देश कोण चालवतं?

बँकेतून निघून ती त्याच दिवशी कलोबावाल्याकडे, म्हणजे इथल्या खासगी सावकाराकडे, गेली. त्याने मशीन एकदा चालवून पाहिलं, सुईखाली कापडाचा तुकडा सरकवला आणि जागेवर रक्कम सांगितली. त्याला डीड लागलं नाही. व्याज मात्र महिन्याचं, आणि बँकेचा वर्षाचा दर त्यापुढे किरकोळ वाटावा इतकं. हप्ता चुकला की मशीन त्याचं. आमचं काज-बटणाचं मशीन असंच गेलं होतं, तेव्हापासून काज बाहेरून करून घेतो आणि त्यात नफा जातो.

ते मशीन गेलं ते साल २०२४ होतं. जानेवारीत शाळा उघडायच्या, त्या कॉलऱ्यामुळे फेब्रुवारीपर्यंत उघडल्याच नाहीत. शिवलेले गणवेश घरात पडून राहिले. मग पावसाने दगा दिला, राष्ट्राध्यक्षांनी दुष्काळ राष्ट्रीय आपत्ती म्हणून जाहीर केला, करिबा धरणाचं पाणी आटलं आणि झेस्को या सरकारी कंपनीची वीज दिवसातून दोन-तीन तास, तीही मध्यरात्री. दिवे आले की आम्ही उठायचो. माझ्या नवऱ्याची कॉपरबेल्ट या तांब्याच्या खाणींच्या भागातली नोकरी त्याआधीच सुटली होती. आईने दिलेल्या पाटल्या मी त्या वर्षी विकल्या. सांगलीत असते तर कुठल्याही पतपेढीत गहाण ठेवून नंतर सोडवून आणल्या असत्या. इथे विकण्यावाचून मार्ग नव्हता. त्या गेल्याचं दुःख मला आजही होतं आणि ते मी लपवणार नाही.

आता तुमचा आकडा घेऊ. २०२० च्या पाहणीनुसार ६९.४ टक्के प्रौढ ‘आर्थिक समावेशनात’ आले. २०१५ मध्ये ५९.३ होते. २०२२ पर्यंत ८० टक्क्यांचं उद्दिष्ट होतं. माझी भागीदारीण या आकड्यात आहे, कारण तिच्या फोनमध्ये मोबाइल मनीचं खातं आहे. त्या खात्यातून तिने गावी आईला पैसे पाठवले की २०२४ पासून त्यावर कर लागतो, आणि पुढच्या वर्षी तो वाढवलाही. म्हणजे तिच्याकडून घ्यायचं तेव्हा ती समाविष्ट, आणि तिने मागितलं की ती धोरणात बसत नाही. याला समावेशन म्हणू नका. खातं असणं आणि पत असणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, आणि तुमच्या सगळ्या अहवालांत मोजणी खात्यांची होते.

बँका तरी आम्हाला कशाला विचारतील? सरकार स्वतःच रोख्यांवर भरघोस व्याज देतं, तिथे पैसा ठेवला की काम संपलं. उरलंसुरलं कर्ज पंचवीस टक्क्यांच्या पुढे. आणि सरकारला इतकं कर्ज का लागलं? २०१२, २०१४ आणि २०१५ मध्ये मिळून सुमारे तीन अब्ज डॉलरचे युरोबाँड, म्हणजे परदेशात विकलेले कर्जरोखे, काढले, नोव्हेंबर २०२० मध्ये हप्ता चुकला. मान्य, ते तुमच्या आधीच्या लोकांनी केलं. पण तेव्हा कर्ज देणारे तुमच्याशी वर्षानुवर्षं वाटाघाटी करत बसले, मुदत वाढवून दिली. कन्यामातल्या बाईला मुदत कोण देतं?

दर मतदारसंघाचा विकास निधी १६ लाखांवरून २०२२ मध्ये २ कोटी ५७ लाख क्वाचावर (इथलं चलन) नेलात, त्यातला पाचवा हिस्सा महिला आणि तरुणांच्या धंद्यांसाठी. ऐकायला फार छान. प्रत्यक्षात गट बनवा, समितीपुढे जा, मग फाइल वर जाणार. शाळेची ऑर्डर तोवर थांबत नाही.

तिचा गट तर आहेच! बाजारातल्या बायकांची चिलिंबा, आपल्या भिशीसारखी, वर्षानुवर्षं चालू आहे. वहीत प्रत्येकीचा भरणा लिहिलेला. भारतात १९९२ पासून बचत गटांना बँका विनातारण कर्ज देतात, ते याच वह्या बघून. तिकडेही वसुलीच्या नावाखाली बायकांना छळणाऱ्या कंपन्या आहेत, मी तिकडचे गोडवे गात नाही. पण वही वाचायची पद्धत तिथे बसली. इथे ती वही बँकेच्या काउंटरवर उघडूनसुद्धा पाहिली नाही.

म्हणून मला लेखी उत्तर हवं आहे. २०१६ च्या कायद्यानंतर शिलाई मशीन, वेल्डिंग सेट, पिठाची गिरणी असल्या वस्तूंवर बँकांनी किती कर्जं दिली, त्यांतली किती बायकांना, ते बँकवार जाहीर करा. ज्या बँका देत नाहीत त्यांना मध्यवर्ती बँकेमार्फत जाब विचारा. चिलिंबा आणि व्हिलेज बँकिंगच्या, म्हणजे इथल्या बचत गटांच्या, वह्या पत असल्याचा पुरावा म्हणून धरा. शाळांची बिलं तीस दिवसांत द्या, नाहीतर त्यावर व्याज द्या, जसं आम्ही देतो. आणि घरी पैसे पाठवण्यावरचा तो कर काढून टाका.

फेटाळलेल्या अर्जाची प्रत इंग्रजी पत्राला जोडली आहे. बँकेचं नाव त्यावर आहे; चौकशी करायची असेल तर तिथून सुरुवात करा.

आपली,
गणवेश शिवणारी एक बाई, लुसाका