जॉर्जियाचा संघ पहिल्या चौघांत का नव्हता

अथेन्स, जॉर्जिया
१४ जानेवारी २०२४

तीर्थस्वरूप आई-बाबा यांना,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

उद्या संक्रांत आहे. आईने पाठवलेले तिळाचे लाडू वेळेवर पोहोचले आणि डबा उघडला त्याच दिवशी निम्मे प्रयोगशाळेत वाटून झाले.

मागच्या आठवड्यात फोनवर बाबांनी विचारले होते की, जॉर्जिया विद्यापीठाच्या ज्या अमेरिकन फुटबॉल संघाचे तू ऑगस्टपासून एवढे कौतुक करीत होतीस तो शेवटी विजेता का झाला नाही. मी तेव्हा घाईत काहीतरी उत्तर देऊन विषय संपवला, पण शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर अर्धे आयुष्य घालवलेल्या माणसाला असे तुटक उत्तर देणे बरे नव्हे, म्हणून आज सवडीने सारे लिहिते आहे.

बाबा, येथील मैदान तुम्हाला परके वाटू नये म्हणून एक गोष्ट आधी सांगते. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये आपल्या फुटबॉलचा पुरुषांचा अंतिम सामना याच विद्यापीठाच्या सॅनफर्ड स्टेडियमवर झाला आणि नायजेरियाने अर्जेंटिनाला ३-२ असे हरवून सुवर्णपदक जिंकले ते याच गवतावर. मैदानाभोवती १९२९ पासून जपलेले झुडपांचे हिरवे कुंपण आहे. आपल्या फुटबॉलला अधिक रुंद मैदान लागते म्हणून त्या वर्षी ते काढावे लागले आणि नंतर पुन्हा लावले गेले. सव्वा लाख वस्तीच्या या गावात स्टेडियमची क्षमता ९२ हजारांहून अधिक आहे, आणि सामन्याच्या शनिवारी ते भरते. सकाळपासून रस्ते लाल-काळ्या कपड्यांनी भरून जातात, मोकळ्या जागी मोटारी लावून त्यांच्यामागे शेगड्या पेटतात, आणि संघ जिंकला की विद्यापीठातील जुन्या चॅपलची घंटा वाजवण्यासाठी लहानथोर रांग लावून उभे राहतात. गेल्या हंगामात घरच्या मैदानावरच्या एकाही सामन्यानंतर ती घंटा मुकी राहिली नाही.

खेळाचे नियम मी पूर्वी सांगितलेच आहेत. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे, चेंडू शेवटच्या पट्ट्यात नेला तर टचडाउनचे सहा गुण, वर एकाची संधी, आणि तेथवर पोहोचता आले नाही तर दोन उंच खांबांमधून लाथेने चेंडू पाठवून फील्ड गोलचे तीन गुण. हे तीन गुण लक्षात ठेवा, कारण सगळे शेवटी त्यांच्यापाशीच येऊन ठेपते.

२०२३ चा हंगाम सुरू झाला तेव्हा जॉर्जियाचा संघ सलग दोन वर्षे राष्ट्रीय विजेता होता. त्याआधी १९८० नंतर तब्बल एकेचाळीस वर्षे या गावाने विजेतेपद पाहिले नव्हते, त्यामुळे २०२१ चे यश येथील लोकांनी देवघरात ठेवावे तसे जपले आहे. आता सलग तिसऱ्यांदा जिंकायचे होते, आणि असे यश १९३४ ते १९३६ या काळात मिनेसोटाला मिळाल्यानंतर कोणालाही मिळालेले नाही. त्याचे कारण समजण्यासारखे आहे. हे खेळाडू विद्यार्थी असतात, तीन-चार वर्षांत निघून जातात, आणि प्रशिक्षकाला दर वर्षी जवळजवळ नवा संघ बांधावा लागतो. आधीच्या दोन्ही विजेतेपदांचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू हाती घेऊन चाल चालवणारा खेळाडू, स्टेटसन बेनेट गेला होता, आणि त्याच्या जागी इतकी वर्षे बाकावर थांबलेला कार्सन बेक आला.

सारे सहज जुळून आले असे मात्र झाले नाही. सप्टेंबरमध्ये साउथ कॅरोलायनाविरुद्ध मध्यंतराला संघ ३-१४ असा मागे होता आणि तरीही २४-१४ ने जिंकला. ऑबर्नच्या मैदानावर शेवटची काही मिनिटे उरली असताना २०-२० अशी बरोबरी होती. तेव्हा ब्रॉक बाउअर्सने चेंडू झेलून चाळीस यार्डांचा टचडाउन केला. आईने ज्याच्या पायाची चौकशी केली होती तोच हा मुलगा. १४ ऑक्टोबरला व्हॅंडरबिल्टविरुद्ध त्याचा घोटा दुखावला, शस्त्रक्रिया झाली, आणि महिना पुरा होण्याच्या आत, ११ नोव्हेंबरला, तो ओल मिसविरुद्ध पुन्हा मैदानात उतरला. तो सामना संघाने ५२-१७ असा जिंकला. आई, तो एवढ्या लवकर उतरला याचे सर्वांनी कौतुक केले, मीही केले, परंतु वीस वर्षांच्या मुलाच्या घोट्याला आणखी विश्रांती मिळायला हवी होती असे मला तेव्हाही वाटत होते आणि आजही वाटते.

अशा रीतीने बारापैकी बारा सामने जिंकून संघ २ डिसेंबरला अटलांटात कॉन्फरन्सच्या, म्हणजे आपण ज्या विद्यापीठांच्या गटात खेळतो त्याच्या, अंतिम सामन्यासाठी अलाबामासमोर उभा राहिला. तोपर्यंत सलग एकोणतीस विजय झाले होते, आणि या कॉन्फरन्समध्ये एवढी मोठी मालिका त्याआधी कोणाची झाली नव्हती. मालिका सुरू होण्यापूर्वीचा पराभवसुद्धा अटलांटाच्या याच स्टेडियममध्ये, याच अलाबामाकडून, २०२१ च्या डिसेंबरमध्ये झाला होता. अलाबामाचे प्रशिक्षक निक सेबन, आणि आपले कर्बी स्मार्ट हे त्यांच्याच हाताखाली अनेक वर्षे काम करून तयार झालेले. शिष्याने गुरूला तोवर एकदाच हरवले होते.

आम्ही काहीजण प्रयोगशाळेतील एका मैत्रिणीच्या घरी तो सामना पाहत होतो. जॉर्जियाने पहिला टचडाउन केला, मग अलाबामाने हळूहळू पकड घेतली आणि मध्यंतराला १७-७ अशी आघाडी मिळवली. त्या पूर्वार्धातील एक क्षण मला अजून स्वच्छ दिसतो. फील्ड गोलसाठी सगळे उभे राहिले असता चेंडू सुटण्यापूर्वीच आपल्या एका खेळाडूने हालचाल केली, दंड म्हणून पाच यार्ड मागे जावे लागले, आणि लाथ आता पन्नास यार्डांवरून मारायची होती. लाथ मारणारा मुलगा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी. चेंडू सरळ गेला, उंचही पुरेसा गेला, आणि खांबावर आदळून बाहेर पडला. तिसऱ्या टप्प्यात आपल्याच गोलपट्ट्याजवळ चेंडू एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात देताना निसटला, तो अलाबामाने उचलला आणि त्यातून तीन गुण मिळवले. शेवटी २७-२४ असे झाले, तेव्हा घड्याळात तीन मिनिटेही नव्हती. अलाबामाने चेंडू स्वतःकडेच ठेवून ती मिनिटे संपवली.

येथवर कोणालाही समजेल. तीन गुणांनी हरलो, हरलो. पण बाबांना जे कोडे पडले आहे ते दुसऱ्या दिवशीचे आहे.

या स्तरावर सव्वाशेहून अधिक संघ असतात आणि प्रत्येकाला बाराच नियमित सामने मिळतात, त्यामुळे सगळे एकमेकांशी खेळणे शक्यच नसते. म्हणून तेरा जणांची एक समिती बसून चार संघ निवडत असे, आणि ते चौघेच विजेतेपदासाठी खेळत. शनिवारपर्यंत जॉर्जिया पहिल्या क्रमांकावर होता. रविवारी दुपारी यादी आली तेव्हा सहाव्या क्रमांकावर. एका पराभवाने पाच पायऱ्या! २०२१ मध्ये हाच संघ याच टप्प्यावर अलाबामाकडून तीन नव्हे, सतरा गुणांनी हरला होता; तरी त्याला चौघांत घेतले गेले आणि तो विजेता झाला. मग दोन वर्षांत फरक काय पडला? फरक जॉर्जियात नव्हता, इतरांत होता. या वेळी मिशिगन, वॉशिंग्टन आणि फ्लोरिडा स्टेट असे तीन कॉन्फरन्स-विजेते एकही सामना न हरता आले. टेक्सास एकदा हरला होता, पण त्याने सप्टेंबरमध्ये अलाबामाला त्यांच्याच गावात ३४-२४ असे हरवले होते. अलाबामाने जॉर्जियाला हरवले, म्हणून अलाबामाला घ्यायचे. अलाबामाला घ्यायचे तर टेक्सासला वगळता येत नाही. जागा चारच होत्या.

म्हणूनच मला जॉर्जियावर अन्याय झाला असे वाटत नाही, आणि हे मी येथे अनेकांना सांगून त्यांची नाराजी ओढवून घेतली आहे. अन्याय झालाच असेल तर तो फ्लोरिडा स्टेटवर. तेरापैकी तेरा सामने जिंकलेल्या त्या संघाला केवळ त्याचा क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिस नोव्हेंबरमध्ये जायबंदी झाला म्हणून पाचव्या क्रमांकावर ठेवून बाहेर काढले गेले. मैदानावर कोणीच न हरवलेल्या मुलांना खोलीत बसलेल्या माणसांनी हरवले. मग या दोन दुखावलेल्या संघांनाच ३० डिसेंबरला मायामीजवळ ऑरेंज बोलमध्ये समोरासमोर आणले. फ्लोरिडा स्टेटचे अनेक प्रमुख खेळाडू उतरलेच नाहीत, आणि जॉर्जियाने ६३-३ असा सामना जिंकला. हंगामाअखेरच्या बोल सामन्यांच्या इतिहासात एवढ्या फरकाने कोणीच जिंकलेले नाही. येथे काहींनी तो आकडा समितीला दिलेले उत्तर म्हणून मिरवला. मला मात्र उत्तरार्ध पाहवला नाही. समोर ज्यांचे मन आधीच मोडले होते अशांवर मिळवलेल्या गुणांनी काय सिद्ध होते ते मला कळले नाही.

मिशिगनने अलाबामाला आणि नंतर ८ जानेवारीला वॉशिंग्टनला हरवून विजेतेपद मिळवले. दोनच दिवसांनी निक सेबन निवृत्त झाले. म्हणजे स्मार्ट यांना गुरूविरुद्धचा हिशेब आता कधीच बरोबरीत आणता येणार नाही. तो सहा सामन्यांत एक विजय असाच राहील. इथल्या जुन्या चाहत्यांना हीच गोष्ट विजेतेपद हुकल्याहून अधिक लागलेली मला दिसते.

१९ नोव्हेंबरच्या रात्री बाबा जेवले नव्हते, असे आईने सांगितले होते. सलग दहा सामने जिंकून आपला क्रिकेट संघ अहमदाबादला हरला, पण तो निदान अंतिम सामना खेळून हरला. या मुलांना तेवढेही मिळाले नाही, आणि तरीही चौदापैकी तेरा सामने जिंकलेल्या या हंगामाला येथे सरसकट ‘वाया गेलेले वर्ष’ म्हटले जाते तेव्हा मला राग येतो. ऑबर्नची ती शेवटची मिनिटे वाया गेली? घोट्याला पट्ट्या बांधून उतरलेला तो मुलगा वाया गेला? मी हा हंगाम मनापासून पाहिला, आणि पुन्हा मिळाला तर याच निकालासह पाहीन.

पुढच्या हंगामापासून चारऐवजी बारा संघ घेतले जाणार आहेत. हा नियम एक वर्ष आधी आला असता तर जॉर्जिया आणि फ्लोरिडा स्टेट दोघेही आत असते, ही चर्चा येथे प्रत्येक चहाच्या टेबलावर झाली आहे.

तुम्ही दसऱ्याच्या सुमारास येण्याचे ठरवत आहात, तर ऑक्टोबरच्या आरंभीच या. ५ तारखेला ऑबर्नचा संघ येथे खेळायला येणार आहे आणि तुम्हा दोघांना तो सामना दाखवायची माझी फार इच्छा आहे. स्वस्त तिकिटे अगदी वरच्या मजल्यावरची मिळतात आणि तेथवर पुष्कळ पायऱ्या आहेत, तेव्हा बाबांच्या गुडघ्यांबद्दल डॉक्टर काय म्हणाले ते कळवा, म्हणजे मला आतापासूनच खालच्या बाजूच्या जागा पाहता येतील.

आपली लाडकी,
लेक