वाचलेले २२ सेकंद कुणाचे?

महोदय,

डॉक्टरांचा वेळ वाचवणाऱ्या एआय साधनांबद्दल हल्ली वृत्तपत्रांत वरचेवर छापून येतं. त्यातला बहुतेक मजकूर मोठ्या शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांचा असतो. मी तासगाव तालुक्यात २७ वर्षं प्रॅक्टिस करतोय, सहा खाटांचं छोटं रुग्णालय आहे, आणि गेले काही महिने यातली दोन-तीन साधनं स्वतः वापरून पाहिली. म्हणून हे पत्र.

आधी चांगलं सांगतो. मेडिक्लेमच्या फायलींनी माझ्या कित्येक संध्याकाळी खाल्ल्या. पेशंटला ॲडमिट का केलं, ओपीडीत का भागलं नाही, अशी विचारणा आली की साग्रसंगीत इंग्रजी उत्तर लिहीत बसायचं. आता मुद्दे मी देतो, मसुदा एआय करतं, मी तो वाचून दुरुस्त करतो. अर्ध्या तासाचं काम पाच-सात मिनिटांत उरकतं. मिरजेला पाठवायच्या पेशंटचं पत्र, डायबेटिसवाल्यांसाठी पथ्याचा कागद, डिस्चार्ज कार्डावरच्या सूचना मोठ्या अक्षरात आणि सोप्या मराठीत, हेही तसंच. ही कारकुनी यंत्रानं नेली याचं मला काडीचंही दुःख नाही.

अडचण सुरू होते ती मोबाइल टेबलावर ठेवून पेशंटचं बोलणं ऐकणाऱ्या आणि त्यावरून केसपेपर तयार करणाऱ्या साधनापाशी. पहिल्याच आठवड्यात एक शेतकरी आले. म्हणाले, "डॉक्टर, दोन दिस झालं, उन्हाळी लागलीया." लघवीला जळजळ होते, थेंब थेंब होते, हे आमच्या कंपाउंडरलाही सांगावं लागत नाही. साधनानं छान इंग्रजीत नोंद केली की तक्रारी उन्हाळ्यात वाढतात. तेव्हा जानेवारी चालू होता. आणखी एकीचं 'तोंड आलंय', म्हणजे तोंडात फोड आले होते. तिच्या चेहऱ्यावर सूज असल्याची नोंद झाली.

इथवर हसण्यावारी नेता येतं. पण एक सून सासूला दाखवायला घेऊन आली होती. बोलता बोलता म्हणाली, "मला बी थायरॉइडची गोळी चालू हाय, म्हणून म्हटलं ह्यांचं बी तपासा." केसपेपरवर ती गोळी सासूच्या नावावर चढली. सकाळी नऊची वेळ, पेशंट पहिलाच, म्हणून सही करण्याआधी मी ओळन् ओळ वाचली आणि सापडलं. दुपारी दीडला, चाळिसाव्या पेशंटला, भुकेल्या पोटी मी ते वाचलं असतं याची खात्री मला माझीच देता येत नाही. हाताने लिहिताना चुका होत नाहीत असं नाही, भरपूर होतात. पण माझी चूक खरडलेल्या अक्षरात असते, फार्मसीवाला फोन करून विचारतो. ही चूक सुबक टाइपमध्ये असते; तिला कोण कशाला विचारेल?

हे फक्त मराठीचं दुखणं आहे असंही नाही. ओपनएआयची 'व्हिस्पर' ही बोलण्याचा मजकूर करणारी प्रणाली इंग्रजी ध्वनिमुद्रणांवर तपासली गेली, त्याचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे १ टक्का ध्वनिफितींत कुणी न उच्चारलेली आख्खी वाक्यं सापडली, आणि मध्ये मध्ये थांबत, अडखळत बोलणाऱ्यांच्या बाबतीत प्रमाण जास्त होतं. पक्षाघात होऊन गेलेले आमचे पेशंट तसेच बोलतात.

आता वेळेचा हिशेब. उत्तर कॅलिफोर्नियातल्या पर्मनंटे मेडिकल ग्रुप या डॉक्टरांच्या संस्थेने बोलणं ऐकून नोंदी करणाऱ्या अशाच साधनांचा वर्षभराहून अधिक काळचा अनुभव प्रसिद्ध केला आहे. ७ हजारांवर डॉक्टर, पेशंटच्या सुमारे २५ लाख ७६ हजार भेटी, आणि वाचलेला वेळ १५,७९१ तास. आकडा भारदस्त आहे. मी कॅल्क्युलेटर घेऊन भागाकार केला, तर दर भेटीमागे २२ सेकंद आले. तिथल्या डॉक्टरांचा थकवा कमी झाला, ते स्क्रीनऐवजी पेशंटकडे बघू लागले, हेही नोंदवलं आहे आणि ते मला मोलाचं वाटतं. पण माझ्याकडे आलेला विक्री प्रतिनिधी मला म्हणाला, "सर, रोजचे दोन तास सुटतील, म्हणजे आणखी वीस पेशंट." खटकलं ते इथं. भारतात प्राथमिक तपासणीला डॉक्टर सरासरी दोन मिनिटांच्या आसपास देतात, असं ६७ देशांचा आढावा घेणाऱ्या २०१७ च्या अभ्यासात आहे. त्या दोन मिनिटांतून वाचलेला वेळ विसाव्या जादा पेशंटला द्यायचा, की समोर बसलाय त्यालाच?

आमच्याकडे २२ सेकंदांत काय होतं ते सांगतो. उलट्या, पोटात कळ, घाम, म्हणून मजूर येतो. साधन गॅस्ट्रोचा मसुदा तयार ठेवतं, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. पण "काल कुणाच्या बागेत फवारणी केली का?" हा प्रश्न विचारायचा, बॅटरी मारून डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्यात का ते बघायचं, याला तेवढाच वेळ लागतो. द्राक्षाच्या पट्ट्यात हा प्रश्न राहून गेला तर कीटकनाशकाच्या विषबाधेचा पेशंट सलाईन लावून घरी जातो.

परवानगीचं काय, तर मी प्रत्येकाला विचारत होतो. उत्तर ठरलेलं: "तुम्ही म्हणाल तसं, डॉक्टर." एक पासष्टीच्या मावशी मात्र मोबाइलकडे बघत म्हणाल्या, "ह्यातनं कोण ऐकतंय?" झोप लागत नाही एवढंच सांगत राहिल्या. मी मोबाइल ड्रॉवरमध्ये टाकला. मग हळूहळू घरातलं निघालं. ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्या दिवसापासून बोलणं ऐकणारं साधन मी बंद केलं, कागदपत्रांपुरतं एआय ठेवलं.

त्याहून गंभीर गोष्ट माझ्याच दवाखान्यातली. आमच्या काउंटरवरचा मुलगा पेशंटच्या रिपोर्टचा फोटो नाव आणि मोबाइल नंबरासकट एका फुकटच्या ॲपमध्ये टाकून "याचा अर्थ सांग" म्हणून विचारत होता. हेतू वाईट नव्हता, माझाच वेळ वाचवायला निघाला होता. पण तो रिपोर्ट एचआयव्हीचा असता तर? २०१७ च्या कायद्यानं ती माहिती गोपनीय ठेवणं बंधनकारक आहे. मी त्याला रागावलो, मग लक्षात आलं की नियम असा कधी सांगितलाच नव्हता.

नियम अगदीच नाहीत असं नाही. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन (म्हणजे फोन-व्हिडिओवरून उपचार) मार्गदर्शक तत्त्वांत स्वच्छ लिहिलं आहे की एआयवर चालणाऱ्या प्लॅटफॉर्मनं पेशंटला सल्ला देऊ नये, औषध लिहू नये. डॉक्टरला मदत करावी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची एआयबद्दलची २०२३ ची नैतिक तत्त्वंही आहेत. पण हे सगळं इंग्रजीत, पानंच्या पानं. माझ्या काउंटरवरच्या मुलाला त्याचा काय उपयोग? महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलनं एक पानभर मराठीत काढावं: काय रेकॉर्ड करायचं, कुणाला विचारून, पेशंट नको म्हणाला तर काय, आणि दवाखान्यातल्या कुणी काय अपलोड करायचं नाही. भिंतीवर लावता येईल असं.

आणि साधन विकणाऱ्यांना एक विनंती. डेमो हॉटेलच्या एसी हॉलमध्ये नको. आमच्या आठवडी बाजाराच्या दिवशी, सकाळी अकराला, माझ्या ओपीडीत येऊन दाखवा. बसायला जागा मिळेलच असं नाही.

आपला,
एक फॅमिली डॉक्टर, तासगाव तालुका (जि. सांगली)

(पेशंटची ओळख पटू नये म्हणून माझं नाव छापू नये, ही विनंती.)