भिंग हातात देणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र मुद्दाम सर्वांसमोर लिहिते आहे. तुमच्याकडून मी जे शिकले ते अभिजात कादंबऱ्यांच्या सहीच्या प्रती जमवणाऱ्या कुणाच्याही उपयोगी पडेल, आणि तुम्ही स्वतः ते चारचौघांत सांगणाऱ्यांतल्या नाही.

जुन्या पुस्तकात सही दिसली की माणूस हुरळतो. तुम्ही मात्र सही सगळ्यात शेवटी पाहता. आधी कागद, बांधणी, छपाईचं साल, मग शाई. १९४० साली वारलेल्या अमेरिकन कादंबरीकार फिट्झजेराल्डची सही बॉलपेनची असेल तर पुढे बघायलाच नको, कारण अमेरिकेत बॉलपेन विकायला आलं तेच १९४५ मध्ये. एवढं कुणीही सांगेल. पण घडीच्या रेषेवर भिंग धरायला तुम्ही शिकवलंत. घडी पडते तिथे कागदाचे तंतू मोडतात. त्या मोडीत शाई फुटलेली दिसली, तर घडी आधीची आणि लिखाण नंतरचं. नवीकोरी प्रत लेखकाने भेट दिली असेल, तर असं का व्हावं, हा प्रश्न पडलाच पाहिजे. मग अक्षरांची टोकं. ओघात लिहिणाऱ्याची रेघ सुटताना निमुळती होते, गिरवणाऱ्याची जागच्या जागी थांबते.

हे सगळं नजरेचं शिक्षण झालं. त्याहून मोठं ऋण वेगळं आहे.

जेन ऑस्टिनची ‘एमा’ ही कादंबरी १८१५च्या डिसेंबरात निघाली, शीर्षकपानावर साल १८१६. तिच्या सांगण्यावरून प्रकाशक जॉन मरे यांच्याकडून बारा प्रती भेट गेल्या. त्यांतली एक तिच्या मैत्रिणीला, गव्हर्नेस (घरी राहून मुलांना शिकवणारी) म्हणून काम केलेल्या अ‍ॅन शार्पला. आत ‘लेखकाकडून’ असं लिहिलंय, तेही प्रकाशकाच्या कचेरीतल्या कुणाच्या अक्षरात. तिचं स्वतःचं अक्षर नाही म्हणून नाक मुरडणारे भेटतात. तुम्ही त्या प्रतीच्या शेजारी मेरी शेलीच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’च्या, १८१८च्या, कवी बायरनला दिलेल्या प्रतीचं उदाहरण ठेवलंत. तिथे ‘लॉर्ड बायरन यांना, लेखकाकडून’ असं, पण ते खुद्द मेरी शेलीच्या हातचं. लेखिकेचं नाव दोन्हीकडे नाही! अक्षर कुणाचं हा एक प्रश्न, कुणी कुणाला दिलं हा दुसरा, आणि दोन्हींची उत्तरं वेगवेगळी लिहायची, हे तेव्हापासून माझ्यात भिनलं. नुसत्या सहीपेक्षा ‘अमक्यास सप्रेम’ हे दोन शब्द मला आज जास्त ओढ लावतात. त्यांत पुस्तक ज्याच्या हाती गेलं तो माणूसही असतो.

तुमच्याकडून मी घेतलेल्या एका प्रतीत तुम्ही पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी ठेवली होतीत (शाईचं पेन तुम्ही जुन्या पुस्तकाच्या आसपास फिरकू देत नाही, मीही आता देत नाही). ‘उशिराची आवृत्ती. पुढचा पुठ्ठा सांध्यात सुटलेला. शेवटचं कोरं पान नाही. भेटीचा मजकूर लेखकाच्याच हातचा. ज्याला भेट दिली तो कोण, कळलेलं नाही.’ पहिली तीन वाक्यं किंमत उतरवणारी, ती तुम्ही आधी लिहिलीत. आणि शेवटच्या वाक्याच्या जागी एखादी छान दंतकथा सहज खपली असती. तुम्ही ती जागा रिकामी ठेवलीत, म्हणून तर मी शोधत राहिले.

बाई, तो माणूस सापडला. त्याच आवृत्तीच्या प्रस्तावनेत, आभारांच्या ओळींत, तेच नाव आहे. तो मुद्रितशोधक होता. लेखकाने चुका काढणाऱ्याला पुस्तक दिलं होतं, आणि त्याने आतल्या छपाईतल्या राहिलेल्या दोन चुका समासात बारीक अक्षरात दुरुस्तही केल्या आहेत. इतके दिवस त्या खुणा मी कुणा वाचकाच्या समजत होते.

तेव्हा चिठ्ठीतलं शेवटचं वाक्य आता बदलायला हवं. पुस्तक घेऊन येते. नवं वाक्य तुमच्याच अक्षरात हवंय, आणि जुनं खोडू नका, त्याच्याखाली लिहा.

तुमची कृतज्ञ,
एक संग्राहक