ओटीपी सांगायच्या आधी गाडीच्या विम्याचा फॉर्म वाचा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी 24 वर्षांचा आहे, साताऱ्यात गोडोलीत राहतो, एमआयडीसीत नोकरीला आहे. दोन वर्षांपूर्वी थोडे माझ्या पगारातले आणि थोडे वडिलांचे असे पैसे जमवून पुण्यातून सेकंड हँड पोलो घेतली, 1.0 टीएसआय. गाड्यांची आवड असणाऱ्या पोरांना वेगळं सांगायला नको, इंजिन 999 सीसीचंच पण टर्बोमुळं 110 पीएसची ताकद, आणि सीसी हजाराच्या आत म्हणून थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणाऱ्या विम्याचा हप्ता वर्षाला 2094 रुपये अधिक जीएसटी, म्हणजे साध्या अल्टोला जेवढा तेवढाच.

मग बाकीची पोरं करतात ते मी पण केलं. ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ताकद वाढवायला रिमॅप करून घेतला, एक्झॉस्ट बदलला, स्प्रिंग टाकून गाडी खाली घेतली, 17 इंची अलॉय व्हील लावले. विम्याची वेळ आली तेव्हा ओळखीच्या एजंटला फोन केला, ते म्हणाले आरसी आणि आधारचा फोटो पाठव, बाकी मी भरतो. मी रिमॅपचं आणि अलॉयचं विचारलं होतं, खरंच विचारलं होतं, तर म्हणाले ते लिहायचं नसतं रे, उगाच हप्ता वाढतो आणि कोण खाली वाकून बघतंय. मी तेव्हा पोवई नाक्यावर मित्रांबरोबर उभा होतो, मोबाईलवर ओटीपी आला, फोनवरच सांगून टाकला, दहा मिनिटांत पॉलिसीची पीडीएफ आली. मी ती उघडून फक्त गाडीचा नंबर बरोबर आहे का एवढंच बघितलं.

गेल्या पावसाळ्यात यवतेश्वर घाटात एका वळणावर रस्त्यावर आलेल्या चिखलात गाडी घसरली आणि पुढची डावी बाजू कठड्यावर आदळली. मला काही लागलं नाही, आजूबाजूला माणूस नव्हतं, हे नशीब. वर्कशॉपमध्ये गाडी लिफ्टवर घेतली होती, नुकसान तपासायला आलेल्या सर्व्हेयर साहेबांनी मोबाईलचा टॉर्च लावून चाकाजवळच्या वाकलेल्या कंट्रोल आर्मचा फोटो काढला, मग तोच टॉर्च शेजारच्या पिवळ्या स्प्रिंगवर नेला, तिथनं मागं एक्झॉस्टवर, आणि मला शांतपणे विचारलं, "हे पॉलिसीत दाखवलंय का?" माझ्या तोंडातनं शब्द फुटेना.

एस्टिमेट 1 लाख 46 हजारांचं झालं. तीन आठवड्यांनी पत्र आलं, क्लेम नामंजूर, कारण काय तर माहिती लपवली. सोबत माझ्याच प्रपोजल फॉर्मची, म्हणजे विमा घेताना भरलेल्या अर्जाची कॉपी जोडली होती, सगळी इंग्रजीत, आणि गाडीत काही बदल केलेत का या प्रश्नापुढं "नो". तो फॉर्म मी आयुष्यात पहिल्यांदा त्या दिवशी बघितला. माझा ओटीपी म्हणजेच माझी सही, असं विमा कंपनीच्या ऑफिसात सांगितलं.

चूक माझी आहेच, ते मी नाकारत नाही. नंतर मी बरंच वाचलं, वकिलांना विचारलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणं आरसीवरच्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करताच येत नाही, सुप्रीम कोर्टानं पण जानेवारी 2019 मध्ये हेच सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. सीएनजी किटचं तसं नाही, ते आरटीओत नोंदवून पॉलिसीवर चढवता येतं. अलॉय किंवा म्युझिक सिस्टीमची किंमत वेगळी लिहून थोडा जास्तीचा हप्ता भरला की तेही कव्हर होतं. म्हणजे माझ्या अलॉयचा विषय थोड्या पैशात मिटला असता, आणि रिमॅपचं कुणी स्पष्ट सांगितलं असतं तर मी कदाचित तो केलाच नसता. पण हे ना गॅरेजवाल्यानं सांगितलं ना एजंटनं.

माझे पैसे गेले ते एक वेळ जाऊ देत. मला झोप लागत नाही ती दुसऱ्याच विचारानं. ऑगस्ट ते ऑक्टोबर याच घाटातनं अख्खा महाराष्ट्र कासची फुलं बघायला वर जातो, रस्त्याच्या कडेनं बायका, पोरं, म्हातारी माणसं चालत असतात. कठड्याऐवजी तिथं कुणी असतं तर? महत्त्वाची माहिती लपवून पॉलिसी घेतली असेल तर कंपनीला कोर्टात तसा बचाव घेता येतो, हे कायद्यातच आहे. पुष्कळदा अपघात भरपाईचं न्यायाधिकरण कंपनीला आधी भरपाई द्यायला लावतं आणि नंतर ती गाडीमालकाकडनं वसूल करायला सांगतं, पण वसुली म्हणजे माझ्या वडिलांचं घर. आणि जो माणूस गेला त्याच्या घरच्यांना तोवर किती वर्षं चकरा.

माझा मामेभाऊ इंग्लंडमध्ये असतो. तिथं विशी-बाविशीच्या पोराला विमा घ्यायचा म्हणजे हप्ता ऐकूनच धडकी भरते, गाड्यांची जोखमीप्रमाणं वर्गवारी केलीय, कित्येक तरुण पोरं गाडीत ब्लॅक बॉक्स बसवून घेतात आणि कंपनी त्यांचं ड्रायव्हिंग बघते. बदलांचं तर खोदून खोदून विचारतात, अगदी अलॉयसुद्धा. आपल्याकडं थर्ड पार्टीचा हप्ता सीसीवर ठरतो, चालवणारा 22 चा की 52 चा याचा त्याच्याशी संबंध नाही. हप्ता कमी बसतो हे चांगलंच आहे, पण त्यामुळं गाडी कोण चालवतंय आणि तिचं काय काय बदललंय हे विचारायला कुणी थांबतच नाही.

म्हणून आपल्या पेपरमधनं माझी कळकळीची विनंती आहे. विमा कंपन्यांनी ओटीपी मागायच्या आधी भरलेला फॉर्म गिऱ्हाईकाच्या व्हॉट्सॲपवर पाठवावा आणि बदलांचा तो एक प्रश्न मराठीत मोठ्या अक्षरात विचारावा. एजंट लोकांनी "लिहायचं नसतं" हे वाक्य बंद करावं. आणि माझ्या वयाच्या साताऱ्या-सांगलीच्या पोरांनो, काही लावलं असेल तर आजच कंपनीला ईमेल करा, फोनवर नको, लेखी उत्तर घ्या. ते नाही म्हणाले तर पार्ट काढून जुना बसवा.

ज्यांचा क्लेम अडकलाय त्यांच्यासाठी एक सांगतो, आधी कंपनीकडं लेखी तक्रार करा, 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर पुण्याच्या विमा लोकपालांकडं जाता येतं, फी नाही, वकील लागत नाही. विमा नियामकाची हेल्पलाईन 155255 आहे. मी पण लोकपालांकडं अर्ज केलाय, क्लेम मिळावा यापेक्षा तो फॉर्म मला न दाखवता भरला गेला हे नोंदीवर यावं म्हणून. निकाल कसाही लागला तरी आपल्याला कळवतो. स्प्रिंग, एक्झॉस्ट काढून गाडीचे मूळचे बसवलेत, रिमॅप काढून ईसीयू पण परत मूळचा केलाय.

आपला,
एक वाचक, गोडोली, सातारा