हायडेन, स्केटिंग आणि छकुलीची अकरावी

सॉल्ट लेक सिटी, युटा

ति. दादा व सौ. वहिनी यांस,
सा. न.

डॉक्टर व्हायचं तर छकुलीने दहावीनंतर स्केटिंग सोडावं, असं क्लासवाले म्हणतात, हे वहिनींनी कळवलं. तुम्ही काही ठरवण्याआधी एरिक हायडेनचा हिशोब एकदा बघा. ते आधी बर्फावरचे स्पीड स्केटर, मग ऑर्थोपेडिक सर्जन, आणि इथे युटातच प्रॅक्टिस केलेले.

मूळचे विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनचे. वडीलही ऑर्थोपेडिक सर्जन. 1980च्या लेक प्लॅसिड हिवाळी ऑलिम्पिकमध्ये त्यांनी स्पीड स्केटिंगची 500, 1000, 1500, 5000 आणि 10000 मीटर अशी पाचही सुवर्णं घेतली, वय 21. 500 मीटरला 38.03 सेकंद. 10000च्या आदल्या संध्याकाळी अमेरिकेने आइस हॉकीत सोव्हिएत संघाला हरवलं होतं, तो सामना बघून हे सकाळी उशिरा उठले आणि तरी 14 मिनिटं 28.13 सेकंदांचा विश्वविक्रम केला. 400 मीटरच्या 25 फेऱ्या, सरासरी फेरी पावणेपस्तीस सेकंदांच्या आत. ताशी साधारण 41 किलोमीटर, तेही उघड्यावरच्या बर्फावर.

हा वेग नुसत्या ताकदीचा नाही, बैठकीचा आहे. गुडघा जवळजवळ काटकोनात वाकलेला, पाठ आडवी. त्यामुळे वाऱ्याचा अडथळा कमी होतो, पण आखडलेल्या मांडीतला रक्तपुरवठाही कमी पडतो, म्हणून स्नायू लवकर पेटतात. थकला की स्केटर आधी कंबर उचलतो, मग वारा अंगावर घेतो, मग वेळ वाया जातो. त्या काळी पातं बुटाला टाच-चवड्याला पक्कं जोडलेलं असे. टाच मोकळी होणारे क्लॅप स्केट नव्वदच्या दशकात आले. चवड्याने ढकललं की पात्याचं टोक बर्फात रुतायचं, म्हणून पाऊल सपाट ठेवून सरळ बाजूला ढकलायचं. छकुलीच्या चाकांच्या स्केटलाही हाच नियम. मागे ढकललेली ताकद बरीचशी वाया जाते.

आता अभ्यासाचं. ‘त्यांनी दोन्ही एकदम केलं’ असं लोक हौसेने सांगतात, ते अर्धंच खरं. ऑलिम्पिकनंतर लवकरच बर्फावरच्या शर्यती थांबवल्या आणि ते सायकलकडे वळले. 1985 मध्ये अमेरिकेचे व्यावसायिक विजेते झाले. 1986च्या तूर द फ्रान्समध्ये शेवटच्या काही दिवसांत आल्प्सच्या उतारावर पडले आणि शर्यत सोडावी लागली. स्टॅनफर्डची एमडी (आपल्याकडच्या एमबीबीएससारखी पहिली पदवी) मिळाली 1991 मध्ये, तिशी ओलांडल्यावर. मग कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेत हाडांच्या शस्त्रक्रियेचं प्रशिक्षण, ते 1996 पर्यंत. पुढे एक वर्ष अलाबामात क्रीडा-वैद्यक. म्हणजे घाई कुठेच नाही. आपल्याकडे एक वर्ष ड्रॉप घेतलं तर घरात सुतक पडल्यासारखं होतं, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

पुढे ते अमेरिकन स्पीड स्केटिंग संघाचे डॉक्टर झाले. सप्टेंबर 2009च्या निवड चाचणीत जे. आर. सेल्स्की हा संघातला स्केटर पडला आणि त्याच्याच स्केटचं पातं त्याच्या डाव्या मांडीत घुसलं. त्याच्यावरच्या उपचारांत आणि त्याला परत उभं करण्यात हायडेन होते. पाच महिन्यांनी व्हँकुव्हरला सेल्स्कीने दोन कांस्यपदकं घेतली. अशा जखमेत टाके भरणं हा सोपा भाग. त्यानंतर आधी गुडघा पूर्ण सरळ आणि पूर्ण वाकता व्हायला हवा, मग ताकद, आणि खोल बैठक सगळ्यात शेवटी. क्रम उलटा झाला की गुडघ्याच्या वाटीखालचा कंडरा (स्नायू हाडाला जोडणारा पट्टा) सुजतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. त्या बैठकीत मांडीवर किती ताण येतो हे ज्याने स्वतः सोसलंय, त्याला ‘अजून नाही’ केव्हा म्हणायचं ते कळतं. माझ्या मते त्यांच्या डॉक्टरकीला खेळाने दिलेली मोठी गोष्ट ही.

तेव्हा छकुलीचा खेळ बंद करू नका, मात्रा कमी करा. अकरावी-बारावीत रिंकवर आठवड्यातून दोनच दिवस जाऊ दे, स्पर्धा एखादीच. येण्याजाण्याचा वेळ वाचवायला घरी स्लाइडबोर्ड, म्हणजे स्केटिंगसारखं बाजूला सरकायची गुळगुळीत फळी, करून घ्या. 8 बाय 2 फूट प्लायवूड, वर गुळगुळीत सनमायका. दोन्ही टोकांना लाकडी अडसर, आतल्या बाजूने किंचित तिरके, त्यांवर रबर. दोन अडसरांमध्ये साडेपाच-सहा फूट पुरे. जास्त ठेवलं तर ती चवड्याने रेटून पोचायला बघेल आणि नको ती सवय लागेल. बुटांवरून लोकरीचे मोजे घालायचे. खाली ओलं फडकं नको, बोर्ड सरकतो. त्याऐवजी रबरी मॅट घाला.

30 सेकंद सरकणं, 30 सेकंद विश्रांती, अशा सहा फेऱ्या. दोन मिनिटं थांबून पुन्हा सहा. आठवड्यातून तीनदा, लागोपाठच्या दिवशी नाही. दादा, तुम्ही समोर उभे राहून फक्त गुडघा बघा. तो पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत हवा. आत पडायला लागला की फेरी तिथेच थांबवा, उरलेली मोजू नका. वळणं नेहमी डावीकडेच असल्याने दोन्ही पाय सारखे तयार होत नाहीत. म्हणून एका पायावरच्या बैठका दोन्ही पायांनी करायच्या आणि कमजोर पायापासून सुरुवात करायची. वाटीखाली बोटाने दाबल्यावर दुखत असेल तर आठवडाभर खोल बसणं बंद, सायकल चालेल. दुखणं रात्री जागं करत असेल किंवा गुडघा सुजला असेल तर मात्र तेल चोळत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

सुताराला अडसर स्क्रूनेच बसवायला सांगा, नुसत्या फेव्हिकॉलवर टिकत नाहीत.

आईला नमस्कार, छकुलीला आशीर्वाद.

तुमची,
धाकटी